पोटॅशियम ६.९ आणि कोपऱ्यात घुमणारं ते यंत्र

सांडगी_मिरची

मंडळी, गेल्या आठवड्यात घरात जे रामायण झालं ते सांगते, मग प्रश्न विचारते.

सासऱ्यांचं वय ७४, बीपीची गोळी चालू. वर्षाच्या तपासण्या म्हणून घरी माणूस बोलावून रक्त दिलं. रात्री आठला रिपोर्ट मोबाईलवर आला : पोटॅशियम ६.९, लाल अक्षरात, पुढे दोन बाण. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, "आत्ताच्या आत्ता या." ईसीजी काढला, तो स्वच्छ. सासरेबुवा तिथे बसून नर्सला भाकरी कशी थापायची ते सांगत होते. डॉक्टरांनी लगेच तिथेच पुन्हा रक्त काढून घेतलं. तासाभरात निकाल ४.४.

डॉक्टर म्हणाले, "पहिलं सॅम्पल वेळेत फिरवलं नसणार." बस, एवढंच. आता मला छळणारे प्रश्न : फिरवलं नाही म्हणजे काय? त्या गोल यंत्रात रक्त घालून नक्की होतं काय? आणि न फिरवल्याने पोटॅशियम कुठून वाढलं, नळीत कुणी केळं घातलं?

(लॅबचं नाव विचारू नये. भांडायचं ते भांडून झालंय.)

---

काजवा

बापरे. सासरे ठीक आहेत हे वाचून बरं वाटलं. बाकी केळ्याला हसलो. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

---

पिपेट_काका

मी जाणकार वगैरे नाही, पण सत्तावीस वर्षं याच यंत्राशेजारी उभा आहे, त्यामुळे बोलायचा हक्क आहे असं समजतो.

ताई, आधी यंत्राशिवाय काय होतं ते बघा. ईएसआर नावाची तपासणी ऐकली असेल. त्यात रक्त गोठू नये असं औषध घालून ते एका उभ्या बारीक नळीत तासभर नुसतं ठेवतात. लाल पेशी हळूहळू खाली बसतात, वर पिवळसर पाणी सुटतं. निरोगी माणसात तासाला दहा-पंधरा मिलिमीटर, त्याच्याही आतच. म्हणजे रक्त आपलं आपण वेगळं होतंच, फक्त त्याला फार वेळ लागतो. तुमचं ते गोल यंत्र, म्हणजे सेंट्रिफ्यूज, हेच काम घाईने करतो. नळी गरगर फिरवली की आतल्या कणांना पृथ्वीच्या ओढीच्या हजार-दीड हजार पट जोराने तळाकडे जावं लागतं. दिवसभराचं काम दहा मिनिटांत उरकतं.

फिरून आलेली नळी हातात घेतली की तीन थर दिसतात. खाली गडद लाल पेशी, साधारण ४५ टक्के. वर पिवळा प्लाझ्मा, साधारण ५५ टक्के. आणि दोघांच्या मध्ये सायीसारखा एक पांढुरका पापुद्रा, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्सचा, एक टक्कासुद्धा नाही. पोरं शिकायला येतात तेव्हा मी त्यांना पहिल्या दिवशी हा पापुद्रा दाखवतो. सगळी रोगप्रतिकारशक्ती म्हणून जी ऐकता ती एवढीशी.

आता केळं कुठून आलं. पोटॅशियम शरीरात राहतं ते पेशींच्या आत, बाहेरच्या पाण्यात त्याचा अगदी थोडा अंश. पेशीच्या भिंतीत एक पंप असतो, तो सतत पोटॅशियम आत ओढत राहतो. त्याला लागतं इंधन, म्हणजे साखर. रक्त नळीत आलं तरी पेशी जिवंतच असतात आणि साखर खातच असतात. न फिरवता ठेवलेल्या रक्तातली साखर तासाला पाच-सात टक्क्यांनी उतरते. म्हणून शुगरसाठी तो करड्या टोपणाचा फ्लोराइड बल्ब वेगळा घेतात. आणि पंप मंदावला की आतलं पोटॅशियम बाहेर झिरपू लागतं.

इथे गंमत अशी की लोक सॅम्पल टिकावं म्हणून बर्फाच्या डब्यात टाकतात. थंडीत पंप पार गारठतो आणि पोटॅशियम जास्तच गळतं! आधी फिरवा, सिरम (रक्त गोठल्यावर वर सुटणारं पिवळं पाणी) वेगळं करा, मग हवं तेवढं थंड ठेवा. उलटं केलंत की ६.९.

---

सांडगी_मिरची

काका!! रक्त न्यायला आलेल्या मुलाकडे निळा बर्फाचा डबा होता. मी तर मनात म्हटलं, किती काळजी घेतात.

पण लॅबला हे कळत नाही का? सॅम्पल खराब आहे हे दिसत नाही?

---

पिपेट_काका

पेशी फुटल्या असत्या तर दिसलं असतं. सुई बारीक, सिरिंज जोरात ओढली, नळी धसमुसळेपणाने हलवली, की पेशी फुटतात आणि फिरवल्यावर वरचं सिरम कोकम सरबतासारखं दिसतं. ते आम्ही बाजूला ठेवून परत सॅम्पल मागवतो. पण थंडीने झिरपलेल्या पोटॅशियमला रंग नसतो. सिरम छान पिवळं, मशीन आपलं मुकाट्याने आकडा देतं. त्यामुळे सॅम्पल कधी काढलं आणि कधी फिरवलं या दोन वेळा लिहिलेल्या हव्यात, नाहीतर काही कळायला मार्ग नाही.

उलटी घाईही नको. सिरम हवं असेल तर रक्त आधी गोठू द्यावं लागतं, अर्धा तास तरी. रक्त पातळ करायची औषधं घेणाऱ्यांचं आणखी उशिरा गोठतं. अर्धवट गोठलेलं फिरवलं की सिरममध्ये फायब्रिनचे चिकट धागे राहतात आणि ते तपासणी मशीनच्या सुईत अडकतात. मग अर्धा दिवस आम्ही सुई साफ करत बसतो आणि काउंटरवर माणसं "रिपोर्ट कधी, रिपोर्ट कधी" करत बसतात. "रक्त घेतलं, मग लगेच फिरवत का नाही, नुसतं ठेवलंय काय," असं विचारणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिलं.

पिवळ्या टोपणाच्या नळीत तळाशी घट्ट जेल असतं, बघितलं असेल. त्याची घनता पेशींपेक्षा कमी आणि सिरमपेक्षा जास्त. फिरताना ते मऊ होऊन मधोमध सरकतं आणि थांबल्यावर पुन्हा घट्ट होऊन भिंत उभी करतं. ही नळी दुसऱ्यांदा फिरवू नये. भिंतीखाली पेशींजवळ जे थोडं पाणी अडकलेलं असतं, त्यात पोटॅशियम भरपूर, ते वर येतं. नवी पोरं "सिरम कमी पडलं" म्हणून परत फिरवायला जातात, तेव्हा मी हात धरतो.

---

वजाबाकी

लेख उत्तम, पण "जोराने तळाकडे जावं लागतं" याला भौतिकशास्त्राचा आक्षेप. असं कुठलंही बल बाहेर ढकलत नसतं. बल आहे ते केंद्राकडे, अभिकेंद्री. नळीचा तळ द्रवाला वळवत राहतो. कणाला सरळच जायचं असतं, त्याच्याभोवतीचा द्रव त्याला पुरेसं वळवू शकत नाही, म्हणून तो तळाकडे सरकतो. "अपकेंद्री बल" हे फिरणाऱ्याच्या जागेवरून पाहिलं तरच दिसतं.

---

पिपेट_काका

मान्य आहे गुरुजी. पण एसटी घाटात वळली की शेजारचा माणूस माझ्या अंगावर येतो, तेव्हा मी त्याला अभिकेंद्री समजावत नाही.

---

वजाबाकी

:) बरं. मग निदान हे तरी लिहा की वेग दुप्पट केला तर जोर चौपट होतो. आणि कण किती लवकर बसेल ते त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून, शिवाय कण आणि द्रव यांच्या घनतेतल्या फरकावर. नुसतं "जड ते खाली" नव्हे.

---

रक्तपेढीवाली

वजाबाकींचा हा मुद्दा आमच्याकडे रोज पोट भरतो, म्हणून लिहिते. लाल पेशी सात-आठ मायक्रॉनची, प्लेटलेट दोन-तीनची. म्हणजे हलकेच फिरवलं तर लाल पेशी बसतात आणि प्लेटलेट्स वर प्लाझ्मात तरंगत राहतात. तो प्लाझ्मा शेजारच्या जोडपिशवीत ढकलायचा, मग ती पिशवी जोरात फिरवायची, की प्लेटलेट्स तळाला. एका रक्तदात्याच्या पिशवीतून लाल पेशी, प्लेटलेट्स आणि प्लाझ्मा, तीन रुग्णांना तीन गोष्टी. आमचा सेंट्रिफ्यूज वॉशिंग मशीनएवढा, आत थंडावा असलेला. पिशव्या समोरासमोर तराजूवर तोलून ठेवायच्या, कमी पडलं तर रबराच्या चकत्या घालून.

डेंगीच्या दिवसांत लोक विचारतात, प्लेटलेट्स साठवून का ठेवत नाही. लाल पेशी फ्रिजमध्ये महिनाभर राहतात, पण प्लेटलेट्सना थंडी चालत नाही. २० ते २४ अंशाला, सतत हलवत्या ट्रेवर, तेही पाचच दिवस.

---

काजवा

केसांसाठी पीआरपी (प्लेटलेट्स भरपूर असलेला आपलाच प्लाझ्मा टोचतात ते) करतात ते हेच का? माझ्या मित्राने (मित्रानेच) केलंय.

---

रक्तपेढीवाली

हो, मित्राला सांगा तेच. आधी हलकं, मग जोरात. केस येतील का हा वेगळा धागा.

---

भरली_वांगी

भाबडा प्रश्न. आमच्या मिक्सरवर १८,००० फेरे लिहिलंय. त्यात का नाही वेगळं होत?

---

पिपेट_काका

मिक्सरमध्ये पातं फिरतं, भांडं जागेवर. ते ढवळतं. सेंट्रिफ्यूजमध्ये भांडंच फिरतं आणि आतलं शांत राहतं. वॉशिंग मशीनचा ड्रायर जवळचा नातेवाईक आहे : २२ सेंटीमीटर त्रिज्या आणि ७०० फेरे धरले तर कपड्यांवर सुमारे १२० पट जोर येतो. फक्त त्याला भोकं असतात.

फेऱ्यांचा विषय निघालाच तर एक सांगतो. "३००० वर दहा मिनिटं फिरव" हे वाक्य अर्धवट आहे. महत्त्वाचा असतो जोर, आणि तो त्रिज्येवरही ठरतो. सूत्र : ०.००००१११८ गुणिले त्रिज्या सेंटीमीटरमध्ये, गुणिले मिनिटाच्या फेऱ्यांचा वर्ग. आमच्या जुन्या टेबलावरच्या यंत्राची त्रिज्या ९ सेंमी, तिथे ३००० फेऱ्यांना जेमतेम ९०० पट. शेजारच्या मोठ्याची १८ सेंमी, तिथे त्याच फेऱ्यांना १८०० पट. छोट्यावर १५०० पट हवं तर ३८६० फेरे लागतात. माझ्या उमेदीच्या काळात हे कुणी शिकवलं नव्हतं. कागदावर ३००० लिहिलंय, काटा ३००० वर लाव, संपलं.

आणि त्याआधी हातयंत्र होतं. नारळ खवायच्या यंत्रासारखं टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायचं, दांडा फिरवायचा. लघवीची नळी घालून मोजून पाच मिनिटं. हात भरून यायचा.

---

सायसाखर

काका, ते हातयंत्र वाचून आमचं दूध संकलन केंद्र आठवलं. वडील सचिव होते. दुधातलं फॅट मोजायचं म्हणजे गर्बर पद्धत : लांब मानेच्या काचेच्या ब्युटायरोमीटरमध्ये १० मिली गंधकाम्ल, त्यावर हळूच कडेने १०.७५ मिली दूध, मग १ मिली अमाईल अल्कोहोल. रबरी बूच लावून उलटंपालटं केलं की काळंभोर होऊन चटका बसेल इतकं तापतं. फडक्यात गुंडाळूनच धरायचं. मग सेंट्रिफ्यूजमध्ये मान मधोमध आणि बूच बाहेर करून ठेवायचं, पाच मिनिटं फिरवायचं.

इथे उलटा न्याय. हवी ती वस्तू हलकी, त्यामुळे ती बाहेर न जाता केंद्राकडे येते. मानेत पिवळ्या फॅटचा खांब उभा राहतो, त्यावरच्या खुणा वाचायच्या. गायीच्या दुधाला ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ (फॅट सोडून बाकीचा घन भाग) धरून भाव. मानेतल्या एका बारीक रेषेवर माणसं भांडायची. "डोळ्याच्या पातळीला धर की!" हे वाक्य मी रोज ऐकलंय. आमच्याकडे आता मशीनमध्ये नळी बुडवली की आकडा येतो, भांडण तेच आहे.

---

भरली_वांगी

म्हणजे आपली रवी हाच पहिला सेंट्रिफ्यूज! आजीने शोधला!

---

सायसाखर

नाही हो, असं वाटतं खरं. ताक घुसळताना लोण्याचे कण एकमेकांवर आपटून त्यांचं आवरण फुटतं आणि ते एकमेकांना चिकटतात. मिक्सरसारखंच, ढवळणं. मलई फिरवून काढणारं यंत्र स्वीडनच्या गुस्ताफ द लावालने १८७८ मध्ये आणलं, त्यात एकीकडून दूध सतत आत येतं आणि साय आणि साय काढलेलं दूध वेगवेगळ्या तोटीने बाहेर पडतं. साखर कारखान्यात मळी आणि साखर वेगळी करतात तेही फिरवूनच, जाळीच्या टोपलीत.

---

पेशीपुराण

उशिरा आले. माझं पीएचडीच्या छळाचं चौथं वर्ष चालू आहे, दिवसाचा निम्मा वेळ सेंट्रिफ्यूजच्या झाकणाकडे बघण्यात जातो.

आमचा रोजचा म्हणजे मुठीएवढ्या रोटरचा (नळ्या बसवतात तो फिरणारा भाग) छोटा, १३,००० फेरे, त्यात दीड मिलीच्या एपनडॉर्फ नळ्या. डीएनए काढला की तळाला पेलेट (त्याचा घट्ट गोळा) बसतो, पण कधीकधी तो इतका थोडा असतो की दिसतच नाही. मग न दिसणाऱ्या वस्तूवरचं पाणी काढायचं कसं? युक्ती अशी : रोटरमध्ये नळ्या तिरक्या असतात, त्यामुळे पेलेट बरोबर तळाच्या टोकाला न बसता बाहेरच्या भिंतीला चिकटतो. म्हणून प्रत्येक नळी ठेवताना झाकणाची बिजागरी बाहेरच्या बाजूला करायची. फिरून झाल्यावर डीएनए दिसो न दिसो, तो बिजागरीच्या सरळ खाली आहे, पिपेटचं टोक समोरच्या भिंतीला लावायचं. माझ्या आयुष्यातली सर्वांत उपयोगी शिकवण ही, आणि ती पेपरात लिहिलेली नव्हती, सीनियर ताईने चहा पिताना सांगितली.

इतिहासात मला दोन गोष्टी फार आवडतात. उप्सालाच्या स्वेडबर्गने १९२०च्या दशकात अल्ट्रासेंट्रिफ्यूज बांधला, त्यातून प्रथिनांचं वजन मोजलं. १९२६ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यालाच. बारावीत रायबोसोम ७०एस घोकला असेल, तो एस म्हणजे स्वेडबर्ग, खाली बसण्याच्या गतीचं एकक. म्हणूनच रायबोसोमचे ३० आणि ५० एसचे दोन भाग मिळून ८० न होता ७० होतात. दोघं चिकटल्यावर आकार आटोपशीर होतो, गती काही बेरजेने वाढत नाही.

दुसरी गोष्ट द दूव्हची, बेल्जियममधली. उंदराच्या यकृताच्या पेशी फोडून फिरवून एकेक भाग वेगळा करत होता. एका एन्झाइमचं काम अपेक्षेपेक्षा फारच कमी दिसलं. नमुने फ्रिजमध्ये ठेवले, काही दिवसांनी परत मोजलं तर भरपूर! म्हणजे ते एन्झाइम एखाद्या पिशवीत कोंडलेलं होतं आणि पिशवी फ्रिजमध्ये जुनी होऊन गळली. तीच लायसोसोम, १९५५ मध्ये नाव ठेवलं, १९७४ मध्ये नोबेल. सांडगीताई, तुमच्या सासऱ्यांच्या रक्ताचंही थंडीत गळणंच झालं. त्याला नोबेल, तुम्हाला मनस्ताप.

---

सांडगी_मिरची

हे सासऱ्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "माझं अर्धं नोबेल कुठंय?"

---

काजवा

इराणच्या बातम्यांत सेंट्रिफ्यूज येतात ते हेच? आपल्या लॅबवर छापा पडायचा.

---

वजाबाकी

तत्त्व तेच, यंत्र वेगळं. तिथे युरेनियमच्या संयुगाचा वायू उंच नळकांड्यात प्रचंड वेगाने फिरवतात. युरेनियमच्या २३५ आणि २३८ या दोन प्रकारच्या अणूंत फरक फक्त तीन न्यूट्रॉनचा, त्यामुळे एका यंत्रात नगण्य वेगळं होतं. म्हणून हजारो यंत्रं एकामागे एक. काकांच्या लॅबला धोका नाही.

---

पिपेट_काका

धोका आहे, पण वेगळा. समतोल.

समोरासमोरच्या नळ्या सारख्या वजनाच्या हव्यात. एकदा नव्या मुलाने एका बाजूला भरलेली लघवीची नळी आणि समोर अर्धी रिकामी ठेवली, ३००० वर लावलं आणि चहाला गेला. यंत्र आधी गुरगुरलं, मग थडथडलं, मग ओट्यावरून चालत निघालं. चालत म्हणजे खरंच चालत, काठापर्यंत. मी वायर ओढली. वायर ओढली तरी ते लगेच थांबत नाही, ते शेवटचं अर्धं मिनिट फार लांब असतं.

---

पेशीपुराण

आमच्याकडे सुरक्षेच्या तासाला अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या अपघाताचे फोटो दाखवतात, डिसेंबर १९९८ चे. अल्ट्रासेंट्रिफ्यूजचा रोटर फिरता फिरता फुटला. यंत्राचं पोलादी आवरण फाटलं, हादऱ्याने खोलीच्या काचा गेल्या. सुदैवाने कुणाला लागलं नाही. तेव्हापासून मी नळ्या डोळ्यांनी न जोखता तराजूवर तोलते.

यावरून कोडं. बारा भोकांचा रोटर, पाच नळ्या, सगळ्या सारख्या वजनाच्या. पाण्याची सहावी डमी नळी न घेता समतोल साधा.

---

भरली_वांगी

पाच विषम आहे, समोरासमोर कसे बसतील? अशक्य.

---

सायसाखर

भिंगरी आठवली, बटणात दोरा ओवून करायचो ती. (अवांतर, पण स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या चमूने २०१७ मध्ये त्याच भिंगरीचा कागदी सेंट्रिफ्यूज केला. वीस सेंट खर्च, मिनिटाला सव्वा लाख फेरे, दीड मिनिटात प्लाझ्मा वेगळा, वीज नको. काका, तुमचा हात भरून आला नसता.)

कोड्याचं : तीन नळ्या एकशेवीस अंशावर ठेवल्या तर तोल राहतो ना? तिथून काहीतरी.

---

सांडगी_मिरची

थांबा थांबा, लेकीने सोडवलं! भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून. तीन नळ्या १२, ४ आणि ८ वर, उरलेल्या दोन १ आणि ७ वर. तिघींचा आपसात तोल, दोघींचा आपसात.

---

पेशीपुराण

शाब्बास! बारा भोकांत एक आणि अकरा सोडून बाकी सगळं जमतं. आता तिला विचारा, सात नळ्या?

---

सांडगी_मिरची

तिचं उत्तर, जसंच्या तसं : "मम्मा, पाच रिकाम्या ठेव की त्याच जागांवर."